खोगीर उतरल्यावर...

बालमित्रांनो, एक जुनं कोडं तुम्ही आजीकडून नक्की ऐकलं असेल. पानं का सडली? भाकरी का करपली? घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच : फिरवलं नाही म्हणून!

आज आपण त्याच घोड्याविषयी एक वेगळा प्रश्न विचारणार आहोत. जो घोडा आयुष्यभर फिरला, पळला, ओझी वाहून थकला, त्याचं पुढे काय होतं? तुमचे आजोबा नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना शाल-श्रीफळ मिळालं असेल. काहींना पेन्शन मिळते. आजोबा सकाळी फिरायला जातात, पेपर वाचतात, तुमच्याशी पत्ते खेळतात. घोड्याला कोण पेन्शन देणार? त्याच्या नावावर ना बँकेत खातं, ना गावाकडे घर!

सहाव्या वर्षी रिटायर!

घोडा साधारण पंचवीस ते तीस वर्षं जगतो. शर्यतीचा घोडा मात्र दुसऱ्या वर्षीच पळू लागतो. आपल्या पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात शर्यती होतात आणि मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हिवाळ्यात. महालक्ष्मीचं हे मैदान १८८३ सालचं आहे. तिथं वाऱ्यासारखे धावणारे बरेचसे घोडे पाच-सात वर्षांचे होईपर्यंत शर्यतीतून बाहेर पडतात. कुणाचा पाय दुखावतो, कुणाचा वेग कमी होतो, तर कुणी मुळातच फारसा वेगवान नसतो.

आता गणित करा. घोडा सहाव्या वर्षी निवृत्त झाला आणि पंचवीस वर्षं जगला, तर उरली किती वर्षं? एकोणीस! म्हणजे कामापेक्षा निवृत्तीचीच वर्षं कितीतरी जास्त.

काही घोड्यांचं नशीब चांगलं असतं. त्यांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेत जागा मिळते. चांगल्या घोड्या पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात. काही घोडे मात्र एका हातातून दुसऱ्या हातात विकले जातात. आज लग्नाच्या वरातीत, उद्या समुद्रकिनाऱ्यावर, परवा एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी. दरवेळी किंमत थोडी उतरते, आणि बहुतेक वेळा चंदीही. (घोड्याच्या धान्याच्या खुराकाला चंदी म्हणतात बरं का!) शेवटी एक दिवस असा येतो, की त्याला विकत घ्यायला कुणीच तयार नसतं.

आपण घोड्याचं देणं लागतो

‘असेल, पण त्याचा आपल्याशी काय संबंध?’ असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. संबंध आहे, आणि फार जवळचा आहे.

साप चावल्यावर जे औषध टोचतात, ते कुठून येतं ठाऊक आहे? घोड्याच्या रक्तातून! नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्याला टोचतात. मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोड्याचं शरीर त्या विषाशी लढायला शिकतं आणि त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारे घटक तयार होतात. मग त्याचं थोडं रक्त काढून त्यातला पातळ भाग वेगळा करतात आणि त्यापासून औषध बनवतात. रक्तातल्या लाल पेशी पुन्हा घोड्याला परत देता येतात. मुंबईच्या परळ भागातल्या हाफकिन संस्थेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिच्या कामातून पुढे उभं राहिलेलं हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ असं औषध बनवतं. त्यासाठीचे घोडे पुण्याजवळ पिंपरीला ठेवलेले असतात.

पुण्याचीच आणखी एक गोष्ट ऐका. पूनावाला कुटुंबाने १९४६ साली पुण्यात घोड्यांच्या पैदाशीचं स्टड फार्म सुरू केलं. तिथले निवृत्त घोडे हाफकिन संस्थेला दिले जात, कारण धनुर्वातासारख्या रोगांवरचं सीरम तेव्हा घोड्यांपासूनच बनत असे. सायरस पूनावाला यांच्या मनात आलं, आपणच सीरम का बनवू नये? त्यातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आज तिथल्या लसी जगभर जातात. या सगळ्याच्या मुळाशी कोण होतं? शर्यतीतून बाद झालेले, ‘निरुपयोगी’ ठरलेले घोडे!

शेतात विंचू-काट्यात राबणाऱ्या कितीतरी माणसांचे जीव या घोड्यांनी वाचवले आहेत. मग त्यांच्या म्हातारपणी त्यांना कुणी विचारू नये, हे बरं दिसतं का?

चला, नेऱ्याला घोडा आणूया

आता एक खेळ खेळू. पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या जवळ मुळशी तालुक्यात नेरे नावाचं गाव आहे. एकीकडे कॉम्प्युटरवाल्यांच्या उंच इमारती आणि दुसरीकडे भातखाचरं, डोंगर, कासारसाईचं धरण. समजा, या नेऱ्यात तुम्हाला थोडी जमीन मिळाली आणि एका निवृत्त घोड्याला तिथं घर द्यायचं ठरलं. काय काय लागेल? वही-पेन्सिल घ्या!

पहिली गोष्ट चारा. घोडा आपल्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा रोज खातो. आपला घोडा ४०० किलोचा असेल, तर रोज ८ किलो. वर्षाचे झाले २,९२० किलो, म्हणजे जवळजवळ तीन टन. आणि एकोणीस वर्षांचे? ५५,४८० किलो! पाणी रोज ३० लिटर धरलं, तरी वर्षाला जवळपास ११,००० लिटर.

‘गवत तर नेऱ्यात फुकट उगवतं!’ असं म्हणाल, तर थांबा. पावसाळ्यात उगवतं. एप्रिल-मेमध्ये माळ करपून जातो, आणि मोकळे माळही आता कमी होत चाललेत. भाताचा पेंढा गावात मिळेल, पण त्यात कस कमी. नुसत्या पेंढ्यावर घोडा हाडकुळा होईल. म्हणजे चांगलं वाळलेलं गवत विकत आणून साठवायला हवं. तेही कोरड्या जागी, कारण गवताला बुरशी लागली, तर ते खाऊन घोड्याला खोकला लागतो किंवा पोटशूळ उठतो. घोड्याला आपल्यासारखी उलटी होत नाही. म्हणून आपल्याला साधी वाटणारी पोटदुखी त्याच्या जिवावर बेतू शकते.

ही काळजी काही नवी नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या अंमलदारांना एक पत्र पाठवलं होतं. त्यात त्यांनी बजावलं होतं, की दाणा-वैरण आताच उधळलीत, तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून रात्री दिवे विझवा, नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतका बारीक विचारही त्या पत्रात आहे. एवढं मोठं राज्य सांभाळणारा राजा घोड्याच्या वैरणीचा हिशोब ठेवत होता! मग आपल्या वहीत तो नको का?

दुसरी गोष्ट पाय. घोड्याचे खूर आपल्या नखांसारखे सतत वाढतात. शर्यत संपली, नाल काढून टाकली, तरी दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलावून ते कापून-घासून घ्यावे लागतात. वर्षातून सात-आठ वेळा. नाहीतर घोडा लंगडू लागतो. शिवाय मुळशीचा पाऊस! घोडा दिवसचे दिवस चिखलात उभा राहिला, तर खूर कुजतात. म्हणून वर पत्रा आणि खाली कोरडी, निचऱ्याची जमीन हवीच.

तिसरी गोष्ट दात. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून हळूहळू वर येत राहतात आणि चारा चावताना झिजतात. ते वेडेवाकडे झिजले, तर टोकं गालाला लागून जखमा होतात. मग जनावरांचे डॉक्टर येऊन कानसीने ती टोकं घासून देतात. (तुम्ही दंतवैद्याला घाबरता ना? मग घोड्याच्या दवाखान्याची कल्पना करा!) फार म्हाताऱ्या घोड्याचे दात पडूनच जातात. त्याला बारीक कुट्टी पाण्यात भिजवून मऊ करून द्यावी लागते, आपण पणजोबांना भाकरी दुधात कुस्करून देतो तशी.

चौथी गोष्ट सोबत. घोडा हा कळपात राहणारा प्राणी. एकटा ठेवला, तर तो उदास होतो, येरझाऱ्या घालतो, लाकूड कुरतडत बसतो. तेव्हा एक नाही, निदान दोन घोडे आणायला हवेत. म्हणजे वरचे सगळे आकडे दुप्पट करा! रोजची लीद उचलायला आणि खरारा करायला माणूसही हवा. घोडा सांभाळणाऱ्या अशा माणसाला मोतद्दार म्हणतात. एका घोड्याची लीद रोज पंधरा-वीस किलो भरते. पण तिचं खत उत्तम होतं. नेऱ्याचे शेतकरी त्यावर खूश होतील!

नवा पाहुणा घरात घेताना

निवृत्त घोडा आला, की लगेच त्याला कळपात सोडून चालत नाही. आधी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायचा, डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायचं. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा भयंकर रोग होतो आणि तो माणसांनाही होऊ शकतो.

शर्यतीच्या घोड्याला भरपूर धान्याची सवय असते. ते एकदम बंद करून हिरवं गवत भरभरून दिलं, तर पोट बिघडतं. म्हणून खुराक दिवसादिवसाने बदलायचा. मग कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे ठेवून इतर घोड्यांशी ओळख करून द्यायची. सुरुवातीला कान मागे पाडणं, दात दाखवणं, खिंकाळणं चालतं. वर्गात नवा मुलगा आल्यावर तुम्ही करता तसंच!

आणि तो रुळला, हे ओळखायचं कसं? घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो, हे तुम्ही वाचलं असेल. त्याच्या पायांची ठेवणच तशी असते, सांधे जणू कडी घातल्यासारखे अडकतात. पण गाढ झोपेसाठी त्याला अंग टाकून पडावंच लागतं. भीती वाटत असेल, तर तो आडवा पडत नाही. कळपात एक घोडा राखणीला उभा राहतो आणि बाकीचे निवांत लोळतात. नवा घोडा एके दिवशी चारी पाय पसरून उन्हात घोरताना दिसला, की समजा, त्याला ही जागा आपली वाटू लागली.

टांगेवाल्याचं काय?

बालमित्रांनो, या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या नावाच्या, चकचकीत सजवलेल्या घोडागाड्या असत. मरिन ड्राइव्ह आणि गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरात लोक हौसेने त्यांतून फिरत. पण डांबरी रस्ता, वाहनांची गर्दी आणि अस्वच्छ तबेले यांमुळे घोड्यांचे हाल होत. प्राणिमित्र कोर्टात गेले. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या वर्षभरात बंद करायला सांगितलं. त्याचबरोबर घोड्यांच्या आणि गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाचा विचार करण्याचा आदेशही सरकारला दिला. २०२१ साली विजेवर चालणाऱ्या, बिनघोड्याच्या व्हिक्टोरिया मुंबईत आल्या.

घोड्याची मेहनत वाचली, हे छानच झालं. पण ज्याचं पोट त्या घोड्यावर होतं, तो माणूस काय खाणार? आणि गाडी बंद पडल्यावर त्या घोड्याला कोण खायला घालणार? माथेरानसारख्या ठिकाणी आजही कितीतरी घरांची चूल घोड्याच्या पाठीवरच पेटते. असा मालक दुष्ट असतो असं नाही. पुष्कळदा त्याच्याकडे स्वतःपुरतेच पैसे नसतात, तर म्हाताऱ्या घोड्याच्या चाऱ्याला कुठून येणार? म्हणून घोड्याचा विचार करताना माणसाचाही करावा लागतो.

इंग्लंडमध्ये हे फार पूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. १८७७ साली ॲना सेवेल या बाईंचं ‘ब्लॅक ब्युटी’ हे पुस्तक निघालं. त्यात एक घोडा स्वतःची कहाणी सांगतो. ते वाचून लोकांची मनं हलली. १८८६ साली ॲन लिंडो यांनी लंडनजवळ घोड्यांसाठी विश्रामगृह सुरू केलं. तिथं थकलेला बग्गीचा घोडा विश्रांतीला ठेवला, की त्याच्या गरीब गाडीवानाला तेवढे दिवस दुसरा घोडा वापरायला मिळे. घोड्याला सुट्टी आणि माणसाची रोजीही चालू! ती संस्था ‘हॉर्स ट्रस्ट’ या नावाने आजही काम करते आहे.

डोरोथीबाईंचं पत्र

पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या सैन्यातले हजारो घोडे इजिप्तमध्ये होते. युद्ध संपलं आणि त्यांतले पुष्कळसे तिथंच विकून टाकले. १९३० साली डोरोथी ब्रुक नावाच्या बाई कैरो शहरात राहायला आल्या. त्यांना तिथल्या रस्त्यांवर ओझी ओढणारे हाडांचे सापळे दिसले. ते सैन्यातले जुने घोडे होते. बारा वर्षं होऊन गेली, तरी ते राबतच होते! डोरोथीबाईंनी १९३१ साली इंग्लंडच्या एका वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. लोकांनी भराभर पैसे पाठवले. त्यातून पुढच्या तीन वर्षांत त्यांनी जवळजवळ ५,००० घोडे विकत घेतले आणि १९३४ साली कैरोमध्ये घोड्यांचा दवाखाना उघडला.

त्यांतले बहुतेक घोडे इतके खंगलेले होते, की ते पुन्हा धडधाकट होणं शक्य नव्हतं. त्यांना पोटभर चारा, मऊ अंथरूण आणि काही शांत दिवस मिळाले. मग डॉक्टरांनी त्यांना वेदना न होता कायमचं झोपवलं. वाचून वाईट वाटलं ना? पण खरं तेच सांगायला हवं. निवृत्त घोड्याचं घर म्हणजे नुसतं हिरवं कुरण नव्हे. म्हातारपण आलं, दुखणं आलं, तरी शेवटच्या दिवसापर्यंत सोबत राहायचं, हे ते वचन असतं.

आपल्याकडेही हे काम चालतं. सांगली भागात ‘ॲनिमल राहत’ ही संस्था २००३ सालापासून कष्टकरी बैल, गाढवं आणि घोड्यांवर उपचार करते, आणि काम संपलेल्या जनावरांना निवाराही देते. मुंबईतल्या परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात तर एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार होताहेत. अशा प्रत्येक संस्थेसमोर एक अवघड प्रश्न असतो : दाराशी आणखी एक घोडा आला, तर त्याला घ्यायचं का? जागा दहांची असताना वीस घेतले, तर विसाही जण अर्धपोटी राहतील. म्हणून कधीकधी ‘नाही’ म्हणावं लागतं. ते सगळ्यांत कठीण काम!

तुम्ही काय कराल?

सगळ्यांनाच काही घोडा पाळता येणार नाही. पण तुम्हाला करता येतील अशा गोष्टी आहेत.

सहलीला गेल्यावर घोड्यावर बसण्याआधी त्याच्याकडे नीट बघा. बरगड्या मोजता येतात का? पाठीवर जखम आहे का? तो लंगडतो आहे का? तसं असेल, तर बसू नका, आणि का बसत नाही ते मालकाला नम्रपणे सांगा. आजारी, जखमी किंवा म्हातारपणामुळे काम न झेपणाऱ्या जनावराला कामाला जुंपणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. जनावराला उपाशी मरायला वाऱ्यावर सोडून देणं हाही गुन्हाच. असा सोडलेला घोडा रस्त्यावर दिसला, तर जवळ जाऊ नका, तो घाबरून लाथ मारील. मोठ्या माणसांना सांगून प्राणिमित्र संस्थेला किंवा पोलिसांना कळवा.

अनोळखी घोड्याला शिळी पोळी, बिस्किटं, वडापाव चारू नका. त्याला उलटी होत नाही, हे आठवतंय ना? वाढदिवसाला आलेल्या पैशांतून चार पेंढ्या गवताचे पैसे एखाद्या संस्थेला दिलेत, तर ते त्याच्या जास्त अंगी लागतील.

आणि आईबाबांसाठी एक गोष्ट. सजीवांबद्दल दया बाळगणं हे आपल्या राज्यघटनेच्या ५१-अ कलमात नागरिकांचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. मुलं ‘कुत्र्याचं पिल्लू आणूया’, ‘ससा आणूया’ म्हणून हट्ट धरतात, तेव्हा नेऱ्याच्या घोड्याचा हिशोब त्यांच्यासमोर ठेवा. या प्राण्याचा रोजचा खर्च किती? तो किती वर्षं जगेल? सुट्टीत आपण गावाला गेल्यावर त्याच्याजवळ कोण राहील? आणि तो म्हातारा, आंधळा, चिडका झाला, तरी तो आपलाच असेल ना?

मुलांनो, या चार प्रश्नांची उत्तरं घरातल्या सगळ्यांनी मिळून एका कागदावर लिहा. चौथ्या प्रश्नासमोर सगळ्यांनी ‘हो’ लिहिलं, तर मग खुशाल पिल्लू आणा!